बुरशी नसलेली ‘बुरशी’

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तिथल्या मिरची उत्पादकाला दोन रोगांतला फरक शिकवावा लागत नाही. वाफ्यातले रोप जमिनीलगत पाणचट होऊन आडवे पडले, तर तो मर रोग. मोठ्या झाडाच्या पानांवर पांढरट पूड दिसली, तर ती भुरी. भुरीवर गंधक चालते. मर रोगावर ते वाया जाते, तिथे मेटॅलॅक्झिलसारखे निराळे औषध लागते. आपण मात्र वर्गात दोन्हींना ‘बुरशीजन्य रोग’ म्हणून मोकळे होतो. ही सवय किती महागात पडू शकते, हे ‘पिथिओसिस’ या रोगाच्या संशोधनाचा इतिहास वाचताना कळते.

वाफ्यातली रोपे कोलमडतात त्यामागे पुष्कळदा पिथियम या प्रजातीतील जीव असतात. याच प्रजातीतला ‘पिथियम इन्सिडिओसम’ हा माणूस, घोडा, गाय आणि कुत्रा यांना ग्रासतो. मिरचीवरची जाती वेगळी आहे; मिरचीच्या वाफ्यातून हा रोग होतो असा अर्थ कोणी काढू नये. इन्सिडिओसम साचलेल्या पाण्यात वनस्पतींच्या आधाराने राहतो. त्याचे चलबीजाणू पोहत येऊन जखमेला चिकटतात आणि त्यांतून तंतू फुटून ऊतींत शिरतात. थायलंडमध्ये थॅलॅसेमियाच्या रुग्णांत तो रक्तवाहिन्यांत शिरून पाय कापण्याची वेळ आणतो, प्रसंगी जीवही घेतो. भारतात तो प्रामुख्याने डोळ्याच्या पारपटलावर आढळला आहे.

या रोगाच्या अभ्यासाची सुरुवात आपल्याच देशात झाली. पावसाळ्यात घोड्यांना होणाऱ्या चिघळत्या जखमांना येथे ‘बरसाती’ म्हणत. फ्रेडरिक स्मिथ या ब्रिटिश पशुवैद्यकाने १८८४ साली त्यावर लेख लिहिला. या नावाखाली एकाहून अधिक रोग मोडत होते, हे पुढे कळले. तरी लोकांनी दिलेल्या या नावात एक मोलाची खूण होती, ती म्हणजे पाणी. संशोधकांनी नेमकी तीच खूण बाजूला ठेवली. १९६१ साली अमेरिकेत ब्रिजेस व एमन्स यांनी घोड्यांतील या जीवाला ‘हायफोमायसिस डिस्ट्रुएन्स’ म्हटले, म्हणजे ढोबळमानाने ‘नाश करणारी तंतुमय बुरशी’. तंतू दिसले, बीजाणू दिसले नाहीत, आणि तंतूंच्या भरवशावर नाव पडले. १९७४ साली ऑस्टविक व कोपलंड यांनी न्यू गिनीतील घोड्यांपासून मिळवलेला जीव पाण्यात वाढवून पाहिला, तेव्हा दोन कशाभिका असलेले चलबीजाणू बाहेर पडले. एवढ्या साध्या कृतीने प्रश्नाची दिशा बदलली. तरीही आजचे नाव द यायला १९८७ उजाडले. वनस्पतिशास्त्रज्ञांना पिथियम १८५८ पासून माहीत होता. पण पशुवैद्यक, डॉक्टर आणि वनस्पतिरोगतज्ज्ञ आपापल्या खोल्यांत बसले होते. माझ्या मते उपकरणांच्या उणिवेपेक्षा या बंद दारांनी अधिक वर्षे खाल्ली.

नावाने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. खऱ्या बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते. नाटामायसिन आणि अँफोटेरिसिन-बी ही औषधे त्यालाच जाऊन बांधली जातात. पिथियम अर्गोस्टेरॉल तयार करीत नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी सेल्युलोज व ग्लुकॅन असतात, आणि त्याचे खरे नातेवाईक तपकिरी शैवाल व डायॅटम आहेत. म्हणजे डोळ्याच्या नमुन्यात तंतू दिसले, ‘बुरशी’ असा शेरा पडला, की औषध सुरू होते पण त्याला लक्ष्यच सापडत नाही. तेवढ्यात पारपटल विरघळू लागते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी जनुकीय क्रम तपासून आणि चलबीजाणू घडवून निदान पक्के करण्यावर भर दिला. लिनेझोलिड व अझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरची औषधेही त्यांनी वापरून पाहिली. हे काम स्तुत्य आहे. मात्र रोग विरळ असल्यामुळे हाती असलेला पुरावा मुख्यतः थोड्या थोड्या रुग्णांच्या नोंदींचा आहे, आणि पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया अजून टळलेली नाही. ‘औषध सापडले’ असे लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये.

माझा दुसरा आक्षेप ‘बुरशीसदृश’ या शब्दावर आहे. तो जीव कशासारखा दिसतो एवढेच हा शब्द सांगतो, तो कोण आहे हे सांगत नाही. वटवाघळाला ‘पक्षीसदृश’ म्हणून आपण थांबत नाही. ते पिलांना दूध पाजते, हेही सांगतो. तसेच येथे करावे. आठवी-नववीला वर्गीकरण शिकवताना ‘तंतू आहेत, हरितद्रव्य नाही, म्हणून कवक’ या व्याख्येवर थांबू नये. भित्तिका कशाची, बीजाणू पोहतो की वाऱ्यावर उडतो, हे दोन प्रश्न त्यापुढे जोडावेत. उदाहरण लांबून आणण्याची गरज नाही. मर लागलेले रोप आणि भुरी पडलेले पान शेजारी शेजारी ठेवावे, आणि दोहोंना एकच औषध का चालत नाही, हे मुलांना विचारावे. मिरची पिकवणाऱ्या घरातले मूल त्याचे पहिले उत्तर देईल. शिक्षकांनी त्या उत्तराच्या पुढचे ‘का’ विचारावे.