एका कोंबडीचे भाषांतर

समीक्षा लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मी कॉमर्सचा पदवीधर. आयुष्यात जाड असं काही मन लावून वाचलं असेल, तर ती बँकेच्या परिपत्रकांची फाईल. तरीसुद्धा आज एका भाषांतराचं परीक्षण करायला बसलो आहे. मूळ कृती : कोंबडी. भाषांतर : थर्माकोलच्या पेटीतलं घरगुती इन्क्युबेटर. भाषांतरकार : अस्मादिक. स्वतःच्याच कृतीचं परीक्षण स्वतःच करू नये असा संकेत आहे म्हणतात. पण दुसरं कोणी ते करणार नाही, याची खात्री असल्यामुळे लेखणी उचलली आहे.

प्रकाशनस्थळ शनिशिंगणापूर. बदली नेवासे तालुक्यात झाली आणि शिंगणापुरात दोन खोल्या मिळाल्या. खोल्यांना चौकट होती, दार नव्हतं. शनिदेव इथे चौथऱ्यावर उघड्यावर उभे, त्यांना छप्पर नाही. मग भक्तांनी दारं कशाला लावायची? रात्री फार तर एक फळी आडवी लावायची, तीही चोरासाठी नव्हे, कुत्र्यासाठी. 2011 साली युको बँकेने या गावात कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा ती बातमी देशभर गाजली होती. मी दुसऱ्या बँकेतला. दोन किल्ल्या दोघांकडे असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, या संस्कारात वाढलेला. पहिले आठ दिवस मी पाकीट उशाखाली घेऊन झोपलो. नवव्या दिवशी पाकीट ओट्यावर विसरलो आणि संध्याकाळी ते तिथेच सापडलं. तेव्हापासून गावाशी माझं जमलं.

घरमालकीण मावशींच्या अंगणात गावरान कोंबड्या होत्या. त्यांतली एक खुडूक झाली. मावशींनी टोपलीत भुसकट घातलं, दहा अंडी मांडली आणि शनिवारी संध्याकाळी तिला वर बसवली. झालं, संपला समारंभ. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हे आपल्याला येईल?" मुलाने असं विचारल्यावर बाप 'नाही' म्हणत नाही. मी मावशींकडून बारा अंडी विकत घेतली. दुकानातली घेऊन उपयोग नाही, एवढं मला ठाऊक होतं. लेअर फार्मवरच्या कोंबडीची कोंबड्याशी ओळखसुद्धा नसते. ते अंडं उबवणं म्हणजे शून्य शिलकीच्या खात्यावर व्याजाची वाट पाहणं.

आता या विषयावरच्या वाङ्मयाकडे वळू. एक छापील पुस्तिका, मोबाईलवरची पंधरावीस मार्गदर्शनं आणि मेहुण्याचा सल्ला, एवढं साहित्य मी अभ्यासलं. सगळ्यांचा सूर एकच : अगदी सोपं आहे. पेटी घ्या, चाळीसचा बल्ब लावा, थर्मोस्टॅट जोडा, हवा खेळवायला कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवा, बाजूला दोनचार भोकं पाडा, पाण्याची वाटी ठेवा. तापमान 37.5 अंश सेल्सिअस. दमटपणा पहिले अठरा दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास, पुढे पासष्ट-सत्तर. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा अशासाठी, की लांबलचक रात्र अंड्याने रोज एकाच कुशीवर काढू नये. न फिरवल्यास आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटतो. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. एकविसाव्या दिवशी पिल्लं. आणि शेवटच्या पानावर, कापसाच्या गोळ्यासारख्या पिवळ्या पिल्लांचं छायाचित्र.

हे सगळं बरोबर आहे, वाचकहो. यात खोटं काही नाही. माझी तक्रार वेगळीच आहे, ती पुढे येईलच.

त्याच शनिवारी रात्री मी पेटी सुरू केली. सौभाग्यवतींनी आठवण करून दिली, "अहो, शनिवारी तेल आणि लोखंड घरात आणू नये म्हणतात." थर्माकोलबद्दल शास्त्रात काही आढळलं नाही. तीन आठवड्यांचा हिशेब सोपा : शनिवारी मांडलेली अंडी शनिवारीच फुटणार. फिरवताना गोंधळ नको म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. पुस्तिकेत फुली आणि गोल सांगितला होता. माझ्या हातून सवयीने एका बाजूला 'जमा' आणि दुसऱ्या बाजूला 'नावे' लिहिलं गेलं. पहाटे सगळी अंडी जमा, दुपारी सौ. नावे टाकायच्या, रात्री पुन्हा जमा.

सातव्या रात्री तपासणी. अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च लावायचा आणि आत पाहायचं. अंधार हवा, आणि आमच्या खोलीत रस्त्यावरचा दिवा सरळ आत येणारा. शेवटी आम्ही तिघं गोधडीखाली शिरलो. पहिलं अंडं उजळलं आणि चिरंजीव एकदम गप्प झाले. लालसर प्रकाशात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा, आणि मध्ये एक काळा ठिपका. तो हलला. मी कॅशमध्ये पुष्कळ नोटा प्रकाशात धरून पाहिल्या आहेत. पण नोटेतल्या गांधीजींनी कधी मान हलवली नव्हती. बारापैकी तीन अंडी कोरी निघाली. शिल्लक नऊ.

इथपर्यंत भाषांतर उत्तम चाललं होतं. वीज दोनदा गेली, प्रत्येक वेळी मी पेटीवर ब्लँकेट टाकून कपाळाला हात लावून बसलो. पण कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी पंधरावीस मिनिटं उठते आणि अंड्यांना तेवढा गारवा सोसतो, असं वाचून धीर आला. हे भाषांतर करणारा मी काही पहिला नव्हे. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वीपासून मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवत. थर्मामीटर नव्हता, तिथला कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचा. अठराव्या शतकात रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती विद्या आपल्या देशात आणायची खटपट केली आणि 1749 साली त्यावर ग्रंथ लिहिला. मी पापणीला अंडं लावून पाहिलं. सौ. म्हणाल्या, "डोळा आला का?"

विसाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, पेटीतून 'चिव' ऐकू आलं. एका अंड्यावर चांदणीसारखी चीर होती.

गावाला दार नाही याचा अर्थ त्या संध्याकाळी मला खऱ्या अर्थाने कळला. शेजारचे आले, त्यांचे पाहुणे आले. शनिवारच्या दर्शनासाठी मुक्कामाला आलेलं एक कुटुंब, रस्ता विचारायला आलेलं, तेही थांबलं. प्रत्येकासाठी मी झाकण उचललं. "हे पाहा, हे पाहा." प्रत्येक वेळी आतली दमट वाफ फस्सकन बाहेर. रात्री सगळे गेल्यावर मी माझ्यासाठी उचललं. अकराला, बाराला, एकला. चीर तेवढीच. चिवचिव मंदावलेली. आतलं अस्तर वाळून तावाच्या कागदासारखं पिल्लाला चिकटलेलं दिसत होतं. मला राहवलं नाही. नखाने कवचाचा एक तुकडा काढला. मग दुसरा. तिसऱ्यावर रक्त आलं.

एवढंसं रक्त. टाचणी टोचल्यावर येतं तेवढं. सकाळी ते पिल्लू गेलेलं होतं.

पुस्तिका पुन्हा उघडली. शेवटून दुसऱ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ होती : चीर पडल्यावर पिल्लू बाहेर यायला चोवीस तास लागू शकतात, घाई करू नये. एवढंच. का, ते नाही. ते मी नंतर शोधून काढलं. चीर पाडून पिल्लू जे गप्प पडून राहतं ते थकून नव्हे. कवचाच्या अस्तरातलं रक्त त्या वेळात ते आपल्या अंगात ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं. त्या बलकावर बाहेर आल्यानंतरचे दोन दिवस ते खाल्ल्यावाचून काढू शकतं. आपल्याला दिसतो तो आराम. आत चाललेलं असतं सगळ्यांत मोठं काम. मुदत ठेव आदल्या दिवशी मोडली तर व्याज जातं. इथे मुद्दल गेलं.

आता माझी तक्रार. या वाङ्मयात बल्बाला तीन पानं, थर्मोस्टॅटला चार, आणि जिथे जीव जातो त्या जागेला तळाची एक ओळ. बँकेच्या 'अटी लागू'सारखी. शिवाय सगळी पुस्तकं पेटी कशी बांधावी ते सांगतात. पेटीशेजारी बसणाऱ्या माणसाला कसं बांधून ठेवावं, ते एकही सांगत नाही. मेलेल्या पिल्लाचं छायाचित्र कुठल्याच शेवटच्या पानावर नसतं, म्हणून माझ्यासारख्या वाचकाला वाटतं, तसं काही होतच नसावं. नव्या आवृत्तीत ती ओळ मुखपृष्ठावर घ्यावी, ही नम्र सूचना.

भाषांतरकाराबद्दलही लिहिलं पाहिजे. मावशींची कोंबडी त्याच शनिवारी उठली तेव्हा दहापैकी नऊ पिल्लं घेऊन उठली. माझी नवांपैकी चार. एक माझ्या हाताने गेलं, चार कवचातच राहिली. मी मावशींना म्हटलं, "मावशी, तापमान तेच, दिवस तेच, अंडीसुद्धा तुमचीच. मग चुकलं कुठे?"

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आवो साहेब, ती कुठं बघती? ती नुस्ती बसती."

मूळ कृतीत ऊब आहे, ओल आहे, चोचीने अंडी फिरवणं आहे. ते सगळं मी नेमकं उचललं. शेवटचे तीन दिवस आत काय चाललंय ते न पाहता बसून राहणं तेवढं गाळलं. ज्या गावात कोणी कोणाच्या घराला दार लावत नाही, तिथे मला एक झाकण बंद ठेवता आलं नाही. पुढच्या खेपेला अठराव्या दिवशी पेटी सुतळीने बांधून वर लाखेचं सील मारायचं आणि ते सौ. आणि माझ्या संयुक्त ताब्यात ठेवायचं, असा ठराव घरात मंजूर झाला आहे.

माझी चार पिल्लं त्या रात्री मावशींनी ओट्यातून नेली आणि अंधारात हळूच कोंबडीच्या पंखाखाली सारली. मला झोप लागेना. बँकेत दिवसअखेर चार रुपये जादा निघाले तरी सगळी व्हाउचरं तपासेपर्यंत घरी जाता येत नाही, आणि इथे नऊच्या जागी तेरा. पहाटे टॉर्च घेऊन अंगणात गेलो. मग टॉर्च न लावताच ओट्यावर बसून राहिलो. उजाडल्यावर ती उठली, अंग झटकलं, आणि तेरा पिल्लं तिच्यामागून उकिरड्याकडे चालू लागली. तिने काही टॅली केलं नाही.