हातांकडे बघा

पॅरिसला निघालेल्या माणसाला हल्ली व्हिसाआधी सल्ले मिळतात. पाकीट मागच्या खिशात नको. मोंमार्त्रच्या टेकडीवर कुणी मनगटाला दोरा बांधायला आलं, तर हात मागे घ्या. कागद पुढे करून सही मागणाऱ्यांपाशी थांबू नका. सल्ले खोटे नाहीत. खिसेकापूंच्या उच्छादाला कंटाळून लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी १० एप्रिल २०१३ रोजी काम थांबवलं आणि संग्रहालय दिवसभर बंद राहिलं. पण सल्ल्यांसोबत हलक्या आवाजात आणखी एक वाक्य येतं: ‘ते जिप्सी दिसले की लांब राहा.’ त्या वाक्याला माझ्या मते उत्तम उत्तर रोबेर ब्रेसाँच्या ‘पिकपॉकेट’ (१९५९) या चित्रपटात आहे.

ब्रेसाँचा मिशेल कोट-टाय घालतो, पुस्तकं वाचतो. लाँशाँच्या रेसकोर्सवर तो एका बाईच्या मागे उभा राहतो. घोडे धावतात, सगळ्यांच्या नजरा तिकडे, आणि त्याची बोटं तिच्या पर्सची कडी उघडतात. चेहरा मात्र कोरा. ब्रेसाँ नटांना भाव दाखवूच देत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला जे कळतं ते हातांवरून. गार द ल्याँ स्टेशनवरच्या प्रसंगात तिघंजण एकमेकांकडे न बघता पाकिटं हातोहात पुढे सरकवतात. कसागी या हातचलाखीत मुरलेल्या माणसाला ब्रेसाँनं साथीदाराची भूमिका दिली आणि हालचालीही त्याच्याच सल्ल्यानं बसवल्या. म्हणून तो प्रसंग आजही प्रवाशाला कामाचा वाटतो: चोरी गर्दीच्या हालचालीत होते. तिकिटाची खिडकी, डब्याचं दार, अरुंद वाट. धोक्याला जागा असते, वंश नसतो.

चेहरे वाचायला शिकवणारा सल्ला म्हणूनच दुहेरी फसवा आहे. रोमा मुलीवर नजर रोखलेल्या माणसाचं शेजारच्या टायवाल्याकडे लक्ष नसतं. शिवाय रोमांची भाषा मराठीची लांबची नातलग आहे, आणि आपला रंगही त्या मेट्रोत निर्धोक मानला जाईलच असं नाही. संशयाची ही फूटपट्टी आपण दुसऱ्याला लावली, की तीच आपल्याला लागल्यावर तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

एका बाबतीत मात्र ब्रेसाँ मला अपुरा वाटतो. त्याला मिशेलच्या आत्म्याची चिंता आहे, लुटल्या गेलेल्यांची नाही. पाकीट गेलं की त्यांची गोष्ट संपते. प्रत्यक्षात ती तिथून सुरू होते. पासपोर्ट गेलेल्या भारतीय माणसाला आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी लागते, मग दूतावासात जाऊन नव्या पासपोर्टसाठी किंवा घरी परतण्यापुरत्या इमर्जन्सी सर्टिफिकेटसाठी अर्ज करावा लागतो. भाषा येत नसलेल्या शहरात, बँकेची कार्डं बंद करत, हे सगळं करणाऱ्या माणसाचा चेहरा ब्रेसाँच्या चौकटीत नाही. तो आपला आपण जोडून घ्यावा. आणि मेट्रोचं दार बंद होत असताना समोरच्याच्या तोंडाकडे नव्हे, आपल्या पिशवीच्या चेनकडे बघावं.