‘केकावली’तील याचना आणि ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेचा पेच

प्रस्तावना :
ईश्वर सर्वशक्तिमान असेल, तर स्वतःलाही उचलता येणार नाही असा दगड तो निर्माण करू शकेल काय? ‘होय’ म्हटले तर त्याचे उचलण्याचे सामर्थ्य उणे पडते. ‘नाही’ म्हटले तर निर्मितीचे. पाश्चात्त्य धर्मतत्त्वज्ञानातील हा पेच मराठी वाचकाला केवळ शाब्दिक कसरत वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याचे जिव्हाळ्याचे रूप मराठी काव्यातही आढळते. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावले. त्यांच्या ‘केकावली’च्या आधारे या पेचाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दगडाकडून नियमाकडे :
जे स्वतःच्याच अर्थाशी विसंगत आहे, ते करता न येणे हे सामर्थ्यातील उणेपण नव्हे, अशी थॉमस अक्वायनसची भूमिका होती. जॉर्ज मॅव्ह्रोडिस यांनी १९६३ मध्ये याच धर्तीवर दगडाच्या प्रश्नाचे निरसन केले. मात्र त्यापूर्वी, १९५५ मध्ये, जे. एल. मॅकी यांनी अधिक अवघड प्रश्न उपस्थित केला होता : ईश्वर स्वतःलाच बांधून घेणारे नियम करू शकतो काय? नियम करून त्याने बांधले जाणे हा मनुष्याच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. त्यामुळे हा प्रश्न शब्दच्छल म्हणून बाजूस सारता येत नाही.

कर्मसिद्धांताच्या संदर्भात तर तो अटळ ठरतो. ‘कर्तुमकर्तुम् शक्ती’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे. त्याच्या पूर्ण रूपात करणे, न करणे आणि अन्यथा करणे अशी तीन सामर्थ्ये येतात. यांपैकी तिसरे, म्हणजे ठरलेले पालटण्याचे सामर्थ्य, कर्मफलाच्या नियमाशी थेट भिडते. ईश्वर हा नियम मोडू शकत असेल, तर नियमाला अर्थ राहत नाही; मोडू शकत नसेल, तर कर्म हाच त्याला न उचलणारा दगड ठरतो.

मेघाचे दोन दृष्टांत :
ब्रह्मसूत्रभाष्यात (२.१.३४) शंकराचार्यांनी ईश्वरावरील पक्षपात व निर्दयता या आक्षेपांना उत्तर देताना पर्जन्याचा दृष्टांत योजला आहे. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. पिकातील भेद बीजांमुळे होतो. या उत्तराने ईश्वर निर्दोष ठरतो खरा, पण ‘अन्यथा करण्याचे’ सामर्थ्य निष्क्रिय होते. पाऊस बीज पालटत नाही.

‘केकावली’ या शीर्षकातही मेघ अध्याहृत आहे. केका म्हणजे मोराचा टाहो. मयूर कवीच्या हाकांची ही माळ प्रामुख्याने पृथ्वी वृत्तात गुंफलेली आहे. येथे मेघाला हाक ऐकू येते, हे गृहीत आहे. पुराणांतील उद्धारकथांचे दाखले देऊन कवी आपल्यासाठीही कृपा मागतो. या मागणीत एक युक्तिवाद दडलेला आहे : पूर्वी पतितांचा उद्धार झाला असेल, तर नियम अनुल्लंघ्य नाही, मग विलंब का? ‘तू करू शकतोस काय?’ हा प्रश्न येथे ‘करू शकत असून का करीत नाहीस?’ असा पालटतो. पीटर गीच यांनी १९७३ मध्ये ‘काहीही करू शकणे’ आणि ‘सर्वांवर सत्ता असणे’ यांत भेद केला. याचकाला दुसरे पुरेसे असते. न उचलणाऱ्या दगडाशी त्याला कर्तव्य नाही.

मूल्यमापन :
तथापि या उत्तराची किंमत मोठी आहे. कृपेसाठी नियम शिथिल होतो, तेव्हा समत्वाचा प्रश्न उभा राहतो. मोरोपंतांच्या बारामतीच्याच तालुक्यात सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा पर्जन्यछायेत आहे. शेजारच्या शिवारात सर कोसळते आणि आपले रान कोरडे राहते, हा तेथील अनुभव आहे. अशा शेतकऱ्याला ‘बीजातच भेद’ हे उत्तर पटणारे नाही. आणि ‘हाक मार, मेघ ऐकेल’ हे उत्तर त्याला शेजाऱ्याच्या भाग्याचे कारण सांगत नाही.

निष्कर्ष :
शंकराचार्यांच्या दृष्टांतात समत्व टिकते, पण कृपेला जागा उरत नाही. ‘केकावली’त कृपा टिकते, पण समत्व डळमळते. सर्वशक्तिमत्तेचा पेच ‘केकावली’ सोडवीत नाही. मात्र तो सामर्थ्याच्या गणितातून काढून न्याय आणि करुणा यांच्या संघर्षात नेऊन ठेवते. तिचे वैचारिक मोल यातच आहे. पांडित्यासाठी वाखाणल्या गेलेल्या या काव्याचे वाचन या अंगानेही होणे आवश्यक आहे.