काच काळी होते, खोली गार होते का?

पुण्यात नुकतीच सदनिका घेतलेल्या एका शिक्षक मित्राने मध्यंतरी एक रंगीत माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले. त्याच्या बैठकीच्या खोलीला एकच मोठी खिडकी आहे आणि ती पश्चिमेला आहे. मार्च ते मे या काळात दुपारी चारनंतर त्या खोलीत बसवत नाही. माहितीपत्रकात यावर उपाय होता : 'स्मार्ट ग्लास'. बटण दाबा, काच आपले रूप बदलेल. ९९ टक्के अतिनील किरण रोखले जातील. उष्णता बाहेर राहील. पडद्यांची गरजच उरणार नाही. किंमत साध्या काचेच्या अनेक पट होती. घरकर्जाचे हप्ते भरून जी शिल्लक उरते तीतून हा खर्च करायचा होता. "तू भौतिकशास्त्रवाला आहेस, सांग, घेऊ का?" असा त्याचा सरळ प्रश्न होता.

माहितीपत्रक दोनदा वाचले तेव्हा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ सापडली : 'वीज बंद असताना दुधी, वीज चालू असताना पारदर्शक'. या एका ओळीने बाकीच्या पानांचा निकाल लागला.

'स्मार्ट काच' या एकाच नावाखाली निदान तीन-चार अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. मित्राला देऊ केलेली होती ती पीडीएलसी, म्हणजे प्लास्टिकच्या थरात विखुरलेल्या द्रव-स्फटिकांच्या थेंबांची काच. वीज नसते तेव्हा प्रत्येक थेंबातले रेणू आपापल्या दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे प्रकाश वेडावाकडा विखुरतो आणि काच दुधी दिसते. काही दशक व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब दिला की रेणू एका दिशेत येतात आणि काच स्वच्छ होते. रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीला किंवा कार्यालयातल्या बैठकीच्या दालनाला ही काच शोभते, कारण तिचे काम आडोसा देणे हे आहे.

पण विखुरणे म्हणजे रोखणे नव्हे. दुधी काचेवर पडलेला बहुतेक प्रकाश पुढेच, म्हणजे खोलीतच विखुरतो. खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवून पाहा. बाहेरचे झाड दिसेनासे होते, पण खोली उजळलेलीच राहते. जो प्रकाश आत आला तो भिंतींत, सतरंजीत, आपल्या अंगात शोषला जाऊन शेवटी उष्णताच होणार. गोव्यातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या असत. त्यांतून असाच मऊ, विखुरलेला प्रकाश येतो. त्यांना वीज लागत नाही आणि त्यांना कोणी उष्णतारोधकही म्हटले नाही.

अतिनील किरणांचा दावा खोटा नाही, पण तो या प्रश्नाचे उत्तर नाही. पृथ्वीवर पोचणाऱ्या सौर ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्के आहे. बाकीची जवळजवळ निम्मी दृश्य प्रकाशात आणि निम्मी अवरक्त किरणांत असते. शिवाय दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर दाबून बनवलेली साधी लॅमिनेटेड काचसुद्धा बहुतेक सगळे अतिनील किरण अडवते. पडद्याचा रंग विटू नये यासाठी ही माहिती उपयोगी आहे, खोली किती तापेल हे तिच्यावरून कळत नाही. तसाच दुकानातला तो दिव्याचा प्रयोग. काचेमागे अवरक्त दिवा लावतात आणि पुढे हात धरायला सांगतात. हात भाजत नाही म्हणून गिऱ्हाईक खूश. पण सूर्य म्हणजे नुसता अवरक्त दिवा नव्हे, आणि दोन तास उन्हात तापल्यावर ती काच स्वतःच काय करेल हे दोन सेकंदांत हाताला समजत नाही.

विचारायचा आकडा एकच आहे. काचेवर पडलेल्या एकूण सौर ऊर्जेपैकी किती भाग कोणत्याही वाटेने आत येतो? याला एसएचजीसी म्हणतात. आपण सौर-उष्णता गुणांक म्हणू. 'कोणत्याही वाटेने' हे शब्द महत्त्वाचे. काच ऊन शोषून घेते तेव्हा ती तापते आणि ती उष्णता दोन्ही बाजूंना देते. एकपदरी काचेत शोषलेल्या उष्णतेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा आत येतो. काळा रंग उष्णता जास्त शोषतो हे आपण मुलांना सहावी-सातवीपासून शिकवतो. काळी पडणारी काच पाहताना मात्र मोठी माणसेही ते विसरतात.

आता खऱ्या अर्थाने काळी होणारी जी काच आहे, तिच्याबद्दल बोलू. टंग्स्टन ऑक्साइडच्या पातळ थराला विजेच्या साहाय्याने रंग आणता येतो हे एस. के. देब यांनी १९६९ साली दाखवले. १९८० च्या दशकात स्वीडनमधील क्लास-गोरान ग्रँक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खिडकीसाठी या तत्त्वाचा पाठपुरावा केला. 'स्मार्ट विंडो' हा शब्द रूढ झाला तो तेव्हापासून. रचना विजेरीसारखीच आहे. काही व्होल्टचा दाब दिला की लिथियमचे आयन एका थरातून निघून टंग्स्टन ऑक्साइडमध्ये शिरतात, सोबत इलेक्ट्रॉन येतात आणि थर गर्द निळा होतो. दाब उलटा केला की आयन परत जातात. वीज लागते ती मुख्यतः रंग बदलताना. बदललेला रंग टिकवायला जवळजवळ लागतच नाही. २०११ पासून प्रवासी सेवेत असलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या खिडक्याही विद्युतरंगी आहेत. तिथे थराऐवजी जेल वापरतात.

ही उत्तम अभियांत्रिकी आहे, यात शंका नाही. दुपदरी चौकटीत बसवलेल्या चांगल्या विद्युतरंगी काचेचा गुणांक स्वच्छ असताना सुमारे ०.४ आणि पूर्ण गडद असताना ०.१ च्या आसपास येतो. रंगीत थर बाहेरच्या काचेवर असल्याने शोषलेली उष्णता बरीचशी बाहेरच जाते. मोठी काच गडद व्हायला काही मिनिटे, कधी वीस मिनिटेही लागतात, तेवढे चालेल. पूर्ण गडद असताना ती सुमारे एक टक्का प्रकाश आत सोडते. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण ग्रहण पाहण्याच्या प्रमाणित चष्म्यातून लाखात तीन भागांच्या आसपास, त्याहून जास्त नाही, एवढाच प्रकाश येऊ देतात. म्हणजे त्या गडद काचेतून मावळतीचा सूर्य समोर आला तर तो चष्म्यातून दिसेल त्याच्या तीनशेपट प्रखर असेल. पडदा लागणारच. (आणि या काचेतून कोणीही ग्रहण पाहू नये, हे वर्गात जरूर सांगावे.)

मित्राच्या खिडकीचा हिशेब करू. खिडकी दीड मीटर रुंद, १.२ मीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरू. म्हणजे खिडकीवर सुमारे १०८० वॅट पडतात. एखादी इस्त्री चालू ठेवावी तसे. साध्या काचेचा गुणांक ०.८ धरला तर सुमारे ८६० वॅट आत येतात. आतून फिकट पडदा ओढला तर साधारण ६०० वॅट, कारण ऊन काचेच्या आत आल्यावरच पडदा त्याला भेटतो. विद्युतरंगी काच पूर्ण गडद केली तर ११० वॅट. आणि साध्याच काचेच्या बाहेर बांबूची दाट चिक सोडली तर? बाहेरच्या आडोशाने गुणांक ०.१५ ते ०.२ पर्यंत उतरतो, म्हणजे १६० ते २१५ वॅट. सर्वांत महागडी काच आणि चिक यांच्यात फरक पडला तो एका जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढा.

या काचेचे सगळे मोल तिच्या बदलण्यात आहे, आणि बदलण्याचे मोल गरज बदलते तिथेच असते. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या प्रदेशात हिवाळ्यात खिडकीतून येणारे ऊन म्हणजे फुकटचे इंधन आणि उन्हाळ्यात तेच ऊन डोकेदुखी. तिथल्या बंद, वातानुकूलित इमारतीला अशी काच उपयोगी पडते. मुंबईत किंवा कोकणात वर्षातल्या कोणत्या महिन्यात पश्चिमेचे ऊन घरात हवे असते? जे कधीच नको आहे, ते थांबवायला बदलणारी वस्तू कशाला? मित्राच्या घरात बदल हवा आहे तो रोजचा, दोन-अडीच तासांचा, आणि तो दोरी ओढून होतो.

ऋतूनुसार होणारा बदल तर आपल्याकडे छज्जाच करतो. पुण्याच्या १८.५ अक्षांशावर दक्षिणेच्या खिडकीवर ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फुटाचा छज्जा आहे असे समजा. २१ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. छज्जाची सावली ५० सेंटीमीटर खाली येते आणि १२० सेंटीमीटरच्या खिडकीच्या खालच्या ७० सेंटीमीटरमधून हिवाळ्याचे ऊन आत येते. २१ मार्चला सूर्य ७१.५ अंशांवर, सावली १३४ सेंटीमीटर. माध्यान्ही खिडकी पूर्ण झाकली. मेच्या मध्यास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. बऱ्याच शाळा तो काठी रोवून साजरा करतात. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दक्षिणेच्या बाजूला येतच नाही, म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन पडतच नाही. मुलांना हे तोंडी सांगण्यापेक्षा खिडकीशी उभे करून दाखवावे. पश्चिमेला मात्र छज्जा लंगडा पडतो. साडेचारला त्याच छज्जाची सावली २५-३० सेंटीमीटरच येते. म्हणून जुन्या घरांत तिथे झडपा, ओसरी किंवा झाड असे, आणि विदर्भात वाळ्याची ताटी.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात कुठेच नव्हती. काच रंग बदलते ती खिडकी बंद असताना. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेच्या पहिल्या भागात उष्ण-दमट प्रदेशातल्या घरांसाठी खिडक्यांचे उघडता येणारे क्षेत्र चटई क्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के असावे असे सांगितले आहे. कारण अशा हवेत वाऱ्याची झुळूक हाच पहिला उपाय आहे. आपल्या सरकत्या खिडक्यांत आधीच निम्मी जागा अडते, त्यात सरकत्या पल्ल्याला वायर जोडायची, आणि ऊन अडवायचे असेल तर ती बंदच ठेवायची, म्हणजे पुढचा खर्च वातानुकूलन यंत्राचा. विद्युतरंगी काच जागेवर कापता येत नाही. फुटली तर मापाची नवी कारखान्यातूनच मागवावी लागते. मग कारखाना असायला हवा. या क्षेत्रातल्या व्ह्यू या मोठ्या अमेरिकी कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज केला होता. खिडकीची काच तीस-चाळीस वर्षे टिकावी अशी आपली अपेक्षा असते.

विजेशिवाय आपोआप गडद होणाऱ्या काचांविषयीही मित्राने विचारले. चष्म्यात असते ती प्रकाशरंगी काच थंडीत अधिक गडद होते आणि उन्हाळ्यात कमी, म्हणजे खिडकीला हवे त्याच्या बरोबर उलटे. व्हॅनेडियम डायऑक्साइडचा थर उष्णतेने बदलतो, पण शुद्ध रूपात ६८ अंश सेल्सिअसला. हे तापमान खाली आणण्यावर अजून संशोधन चालू आहे.

वर्गात करून पाहायचे असेल तर बुटांचे चार सारखे खोके घ्या. प्रत्येकाची एक बाजू कापून तिथे काच बसवा, आत सावलीत राहील असा तापमापक ठेवा. एकाची काच मोकळी ठेवा. दुसऱ्याला बाहेरून ट्रेसिंग पेपर लावा. तिसऱ्याला काचेच्या आतून काळा कागद. चौथ्याला तोच कागद बाहेरून, काचेपासून बोटभर अंतर सोडून. साडेचारच्या पश्चिमेच्या उन्हात अर्धा तास ठेवून दर पाच मिनिटांनी नोंदी घ्या. तिसरा आणि चौथा खोका दिसायला सारखेच अंधारे असतात. त्यांचे आलेख एकाच कागदावर काढायला सांगा.

मित्राने काच घेतली नाही. चिक आणली. ती बाहेरून टांगल्यावर आठवड्याभरात गृहनिर्माण संस्थेची चिठ्ठी आली : इमारतीचा दर्शनी भाग विद्रूप होतो, काढून टाका. काच काळी करायला समितीची हरकत नव्हती. येत्या सभेत तो खोक्यांचे आलेख घेऊन जाणार आहे.