टाकीवरची पारदर्शक पट्टी

यूट्यूबवर इटालियन मोटरसायकलींबद्दलचा कुठलाही माहितीपट लावा. पहिल्या मिनिटात लाल रंग येतो, दुसऱ्या मिनिटात डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, आणि तिसरं मिनिट संपायच्या आत कुणीतरी 'पॅशन' हा शब्द उच्चारतं. मग एक कोष्टक मांडलं जातं: जपानी लोक गाड्या डोक्याने बनवतात, जर्मन शिस्तीने आणि इटालियन हृदयाने. गुळगुळीत कागदाच्या जाडजूड पुस्तकांत हेच, मासिकांत हेच. तीस सेकंदांच्या रीलमध्ये तर एक्झॉस्टचा आवाज आणि हृदयाचा इमोजी एवढ्यावरच भागतं.

प्रेमाबद्दल माझी काही तक्रार नाही. कॉलेजात असताना माझ्याही मोबाइलचा वॉलपेपर डुकाटी 916 हाच होता. तक्रार आहे ती या प्रेमाच्या भाषेबद्दल. 'पॅशन' म्हटलं की विषय संपतो. कुणी काय ठरवलं, का ठरवलं, त्याची किंमत कुणी मोजली, हे विचारायची सोयच उरत नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्याचा कोड वाचताना मला सगळ्यात जास्त मजा येते ती ओळींमागचा विचार दिसतो तेव्हा: इथे वेग हवा होता म्हणून मेमरी खर्च केली, तिथे नेमकं उलट केलं. निर्णय पटो न पटो, तो घेणारा माणूस दिसतो. माझं म्हणणं असं, की सत्तरच्या दशकात मोटरसायकलवाले इटालियन स्पोर्ट्स बाइकच्या प्रेमात पहिल्यांदा पडले ते याच जातीच्या आनंदामुळे. हृदयाची गोष्ट मागाहून रचली गेली.

आधी तो काळ बघू. 1969 मध्ये होंडाची सीबी750 बाजारात आली. चार सिलिंडर, बटणावर सुरू होणारं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक. ब्रिटिश गाडी उभी केली की खाली तेलाचा डाग पडणार हे तोवर गृहीतच धरलेलं असायचं. होंडाने ती सवय मोडली. अशा गाडीसमोर इटलीतले छोटे कारखाने करणार काय? संख्येत हरणार, किमतीत हरणार, भरवशातही हरणार. मांडेल्लो देल लारिओच्या मोतो गुझ्झीने लिनो तोंतीने बेतलेल्या चौकटीची व्ही7 स्पोर्ट काढली. ब्रेगान्झेच्या लाव्हेर्दाने केशरी रंगाची 750 एसएफसी काढली. आणि बोलोन्यात डुकाटीकडे फाबिओ ताल्योनी नावाचा इंजिनिअर होता.

ताल्योनी 1954 मध्ये डुकाटीत आला. त्याची करामत समजून घ्यायची तर थोडं इंजिनात डोकवावं लागेल. व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅम करतो आणि मिटायचं काम स्प्रिंग. इंजिन फार वेगाने फिरू लागलं की स्प्रिंगला वेळेत परत येता येत नाही. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, ताकद जाते, आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटायची भीती असते. ताल्योनीने मिटायचं कामही कॅमकडेच सोपवलं. या रचनेला 'डेस्मोड्रोमिक' म्हणतात. कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. मर्सिडीजच्या पन्नाशीच्या दशकातल्या रेसिंग कारमध्ये ती होती. ताल्योनीने ती 1956 मध्ये 125 सीसीच्या रेसिंग मोटरसायकलमध्ये बसवली आणि पुढे 1968 मध्ये डुकाटीने रस्त्यावरच्या गाडीत आणली. याची किंमत गॅरेजमध्ये मोजावी लागते. प्रत्येक व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग दोनदा, एकदा उघडण्याचं आणि एकदा मिटण्याचं.

दुसरा निर्णय सिलिंडरांच्या मांडणीचा. दोन सिलिंडर एकमेकांशी 90 अंशांत, त्यातला एक जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून. या कोनामुळे पिस्टनच्या ये-जा करण्यातून येणारे मुख्य हादरे सावरले जातात आणि इंजिन अरुंद राहतं. बदल्यात गाडी लांब होते. छोट्या, बंद वळणात ती आढेवेढे घेते, पण वेगातल्या लांबलचक वळणात रुळावरून गेल्यासारखी जाते. क्रँकपासून कॅमपर्यंत ताकद पोचवायला चेन नव्हती, दांडा आणि बेव्हल गिअर होते. त्या दांड्याची नळी इंजिनाच्या बाहेरूनच दिसायची. म्हणजे गाडी शेजारी उभी असताना तिच्याकडे नुसतं बघून तिचं अर्धं गणित सांगता येत होतं.

23 एप्रिल 1972 ला इमोलाच्या ट्रॅकवर 200 मैलांची शर्यत झाली. रस्त्यावरच्या 750 सीसी गाड्यांवरून बेतलेल्या यंत्रांची ही शर्यत. जाकोमो अगोस्तिनी एमव्ही अगुस्ता घेऊन आला होता. डुकाटीवर इंग्लंडचा पॉल स्मार्ट पहिला आला आणि दुसऱ्या डुकाटीवर ब्रुनो स्पाज्जारी दुसरा. डुकाटीने 1974 मध्ये त्या गाडीची रस्त्यावरची आवृत्ती काढली, 750 सुपर स्पोर्ट. चारशेच्या आसपास गाड्या बनल्या, बस्स.

या गाडीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिच्या टाकीवर आहे. टाकी फायबरग्लासची, चंदेरी रंगाची. तिच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक उभी पट्टी मुद्दाम न रंगवता सोडलेली. फायबरग्लासमधून उजेड जातो, म्हणून पेट्रोल किती उरलं ते बाहेरून दिसतं. शर्यतीत थांबलेल्या गाडीत पेट्रोल भरणाऱ्या माणसाला हे एका नजरेत कळायला हवं, म्हणून ती पट्टी. काही जोडलं नाही, फक्त एके ठिकाणी रंग मारला नाही. आज संग्राहक त्या पट्टीकडे दागिन्यासारखं बघतात. मला तीत एक वाक्य दिसतं: आम्हाला हे हवं होतं, म्हणून हे असं केलं.

जेमतेम चारशे गाड्या, मग प्रेमात पडलेले हजारो लोक आले कुठून? बहुतेकांनी ती गाडी प्रत्यक्ष पाहिलीसुद्धा नव्हती. त्यांनी तिच्याबद्दल वाचलं होतं. अमेरिकेत 'सायकल' नावाचं मासिक होतं (नाव सायकल, विषय मोटरसायकल). त्याचा संपादक कुक नीलसन आणि सहकारी फिल शिलिंग यांनी अशीच एक 750 सुपर स्पोर्ट घेतली, वर्षानुवर्षं खोलली, जोडली, सुधारली, आणि 1977 मध्ये डेटोनाची सुपरबाइक शर्यत नीलसनने त्या गाडीवर स्वतः जिंकली. समीक्षेच्या इतिहासात असं उदाहरण दुर्मीळच: ज्या कृतीवर लिहितोय तिचं पोट फाडून बघितलं, आणि आपलं मत बरोबर आहे की नाही हे ट्रॅकवर जाऊन तपासलं. मला ही समीक्षा खरी प्रेमपत्रं वाटते. आत 'आत्मा' वगैरे शोधत बसायची गरज पडली नाही. दुरुस्त करता येईल इतकं समोर दिसत होतं.

त्या गाड्या वाईटही होत्या. सुपर स्पोर्टला बटण नव्हतं, किक मारावी लागे. इलेक्ट्रिकच्या वायरिंगबद्दल न बोललेलं बरं. पण यातले दोष दोन प्रकारचे होते, आणि 'पॅशन'ची भाषा त्यांची सरमिसळ करते. लांब गाडी वळायला जड, हा एका निर्णयाचा दुसरा भाग आहे. खराब वायरिंग हा कुठल्याच निर्णयाचा भाग नाही, तो नुसता हलगर्जीपणा आहे. त्यालाही 'इटालियन स्वभाव' म्हणून कौतुकाने मिरवायचं, म्हणजे गाडी ढकलत घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाची थट्टा झाली.

मग 1994 मध्ये 916 आली. तिचा कर्ता मास्सिमो ताम्बुरिनी. रिमिनीत एसी-हीटिंगचं काम करणाऱ्या बिमोता या कंपनीचा तो एक संस्थापक. पुढे याच कंपनीने मोटरसायकली बनवायला घेतल्या, आणि त्यांची पहिली गाडी एचबी1 हिच्यात इंजिन होतं होंडा सीबी750 चं. 'इटालियन रक्त' वगैरे बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 916 मध्ये मास्सिमो बोर्दीच्या काळात घडलेलं चार व्हॉल्व्हचं डेस्मो इंजिन होतं, नळ्यांची चौकट होती, मागचं चाक एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म होता, आणि एक्झॉस्ट सीटखाली. एका बाजूचा स्विंगआर्म आणि सीटखालचा एक्झॉस्ट होंडाच्या एनआरमध्ये आधीच येऊन गेले होते. ताम्बुरिनीचं कर्तृत्व वेगळं: हे सगळे भाग एकमेकांना पूरक ठरतील असे बसवले. एक्झॉस्ट वर गेला म्हणून मागचं उघडं चाक दिसलं, गाडी कमरेत बारीक झाली. गाडी जिंकलीही: कार्ल फोगर्टीने 1994, 1995 आणि 1998 ची जागतिक सुपरबाइक विजेतेपदं तिच्यावर मिळवली, 1996 चं ट्रॉय कॉर्सरने. बसणाऱ्याची बूड भाजायची आणि मनगटं दुखायची, तेही खरंच.

पण प्रेमाची भाषा इथे बदलली. 1995 मध्ये हंटर एस. थॉम्पसनने 'सायकल वर्ल्ड'मध्ये डुकाटी 900 सुपरस्पोर्टवर लिहिलेला लेख आजही शेअर होतो. लेख भन्नाट आहे, मी अनेकदा वाचलाय. पण त्यात यंत्र हळूहळू जनावर होत जातं आणि शेवटी उरतो तो लेखक, त्याची भीती आणि त्याचा थरार. 1998 मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोटरसायकलींचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात 916 होती. संग्रहालयात गाडी ठेवण्याला माझा विरोध नाही, पण तिथे इंजिन बंद असतं आणि टाकी रिकामी. बघायला रूप तेवढं उरतं.

याचा हिशेब 2003 मध्ये झाला. 916 च्या वंशातल्या गाड्यांची जागा घ्यायला 999 आली, पिएर तेरब्लांशने घडवलेली. त्याने नेमकं तेच केलं जे ताल्योनीने केलं असतं: प्रत्येक भागाला पुन्हा प्रश्न विचारला. स्विंगआर्म दोन्ही बाजूंनी धरणारा, कारण तो हलका असून कडक ठेवता येतो. दिवे एकावर एक, म्हणून तोंड अरुंद. पायाच्या खुंट्या पुढेमागे करता येणाऱ्या, कारण माणसांची उंची सारखी नसते. गाडीने 2003, 2004 आणि 2006 ची जागतिक विजेतेपदं मिळवली. आणि चाहत्यांनी तिला कुरूप ठरवलं. 2007 मध्ये 1098 आली: आडवे दोन दिवे, एका बाजूचा स्विंगआर्म, सगळं 916 ची आठवण करून देणारं. सगळे खूश.

मला हा इटालियन मोटरसायकलींच्या इतिहासातला सगळ्यात उदास प्रसंग वाटतो. पहिल्या पिढीने विचार करणाऱ्या गाडीवर प्रेम केलं होतं. पुढच्या पिढीसमोर विचार करणारी गाडी आली तेव्हा तिने जुना फोटो मागितला. 999 दिसायला मलाही फारशी आवडत नाही, हे कबूल. पण ती का तशी दिसते हे मला सांगता येतं. 1098 तशी का दिसते याचं एक मोठं उत्तर 'लोकांना हवी होती म्हणून' हेच आहे.

आता हीच परीक्षा पुन्हा सुरू आहे. 2020 मध्ये डुकाटीने मल्टीस्ट्राडा व्ही4 काढली आणि तिच्यात डेस्मो सोडून साध्या स्प्रिंग वापरल्या. व्हॉल्व्ह तपासणी थेट 60,000 किलोमीटरवर गेली. नव्या पानिगाले व्ही2 मध्येही स्प्रिंगच आहेत. 'डुकाटीचा आत्मा गेला' अशी हळहळ लगेच सुरू होते. पण 1956 मध्ये ताल्योनीने स्प्रिंग काढली ती तेव्हाच्या स्प्रिंगा वेगात टिकत नव्हत्या म्हणून. आजच्या चांगल्या टिकतात. कारण उरलं नाही तर भाग काढून टाकणं हीच ताल्योनीची शिकवण. ज्या गाडीला त्याहून जास्त वेग हवा, त्या पानिगाले व्ही4 मध्ये डेस्मो अजून आहे.

आपल्याकडे इटली आली ती स्कूटरवरून. मुंबईत लॅम्ब्रेटा बनायची, आणि पुण्यात आकुर्डीला बजाज पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. त्या स्कूटरने अख्ख्या कुटुंबांना ओढलं, पण तिला कुणी 'पॅशन' म्हटलं नाही. आता 2023 पासून पियाज्जोच्या बारामतीच्या कारखान्यात अप्रिलिया आरएस 457 बनते, रीतसर इटालियन स्पोर्ट्स बाइक. मग प्रश्न येतो, ही 'खरी' इटालियन का? रक्ताचा हिशेब लावला तर उत्तर अवघड आहे. निर्णयांचा हिशेब लावला तर सोपं आहे: चौकट, इंजिन, बसण्याचा कोन बघा, कुठे काय सोडलं आणि कशासाठी ते शोधा. बारामतीत नट आवळणाऱ्या पोरापोरींचं कौशल्यही मग त्या हिशेबात येतं. हृदयाच्या गोष्टीत त्यांना जागाच नव्हती.

रीलमध्ये लाल गाडी दिसली तर आवाज बंद करून एकदा बघा. न रंगवलेली अशी एखादी पट्टी तिच्यावर कुठे आहे का, एवढं शोधा. सापडली तर प्रेम खुशाल करा.