अनुदानाची भाषा आणि नाकारलेली संहिता

कलाव्यवहाराला खासगी प्रतिष्ठानांकडून मिळणाऱ्या अनुदानाविषयी जी चर्चा होते, ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : पैसा कुणाचा? प्रश्न गैर नाही. मात्र त्याच्या उत्तराने वाङ्मयीन चिकित्सा संपते असे मानले जाते, तेथे घोटाळा होतो. १९५५ साली मुंबईहून निघू लागलेल्या ‘क्वेस्ट’ या इंग्रजी नियतकालिकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. निसिम इझिकेल त्याचे पहिले संपादक. ज्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’च्या भारतीय शाखेने ते चालविले, त्या मूळ संघटनेला अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा काही प्रतिष्ठानांच्या आडून पोचत होता, हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. या माहितीने नियतकालिकाच्या जन्माचे राजकारण कळते, पण त्यातील एखादी कविता वा परीक्षण कसे वाचावे हे कळत नाही. पैशाचा उगम आणि संहितेचा आशय यांना थेट कार्यकारणभावाने जोडू पाहणारी समीक्षा म्हणूनच एकतर आरोपपत्र होते किंवा खुलासा.

अनुदानाचा परिणाम संहितेच्या आशयात शोधण्याआधी तो संहितेच्या पूर्वअटीत शोधावयास हवा. ही पूर्वअट म्हणजे अर्ज. अनुदानाचा अर्ज हाही एक लेखनप्रकार आहे आणि त्याचे संकेत पक्के आहेत : उद्दिष्ट, पद्धती, कालमर्यादा, अंदाजपत्रक, अपेक्षित फलित. त्याचा व्याकरणिक काळ भविष्यकाळ आहे. जी कृती अद्याप अस्तित्वात नाही तिचे वर्णन, ती जणू पूर्ण झाली आहे अशा खात्रीने करावे लागते. साहजिकच काही प्रकारची कामे या भाषेत सहज बसतात, तर काही मुळीच बसत नाहीत.

सहज बसणाऱ्या कामाचा उत्तम नमुना म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. औंधच्या संस्थानिकांसारख्या दात्यांच्या साहाय्याशिवाय ते उभे राहिले नसते. येथे हस्तलिखिते मोजता येत होती, पाठनिश्चितीची तत्त्वे सांगता येत होती, खंडांची आखणी करता येत होती. आगाऊ सांगता आली नाही ती फक्त मुदत. सुमारे सत्तेचाळीस वर्षे हा काळ दोन-तीन वर्षांच्या आजच्या प्रकल्पचौकटीत कोणत्या रकान्यात लिहिला गेला असता? वर्णनक्षम असूनही हे काम आजच्या अर्जाला पेलले नसते. चौकटीची मर्यादा केवळ नवनिर्मितीलाच जाचते असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

दुसऱ्या टोकाला नाटक आहे. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीने तरुण रंगकर्मींसाठी जी शासकीय योजना आखली, तिच्यात पारंपरिक प्रयोगरूपांशी नाते जोडणाऱ्या नाट्यप्रयोगांना साहाय्य होते. रूपाची दिशा तेथे योजनेनेच ठरविली होती. याच सुमारास, १९८५ ते १९९४ या काळात, पुण्याच्या थिएटर अकादमीने फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने नाटककार विकास आणि प्रादेशिक नाट्यसंस्था विकास असे दोन उपक्रम राबविले. त्यांची कल्पना आणि आखणी सतीश आळेकरांची. या नावांकडे लक्ष द्यावे. साहाय्याचा विषय ‘नाटक’ नसून ‘नाटककार’ आणि ‘संस्था’ आहे. ‘विकास’ हा शब्द अर्थकारणातून आलेला आणि दात्याच्या परिभाषेशी जुळणारा आहे, यात शंका नाही. फोर्ड प्रतिष्ठानाचे दिल्लीतील कार्यालय १९५२ पासूनचे, आणि ‘विकास’ हीच त्याच्या भारतातील कार्याची प्रमुख संज्ञा राहिली. तरीही कृतीऐवजी कर्त्याला केंद्र मानल्याने, कृती कशी असावी हे आगाऊ सांगण्याचे ओझे हलके होते. दात्याची भाषा स्वीकारून तिच्यात स्वतःला हवी ती पोकळी निर्माण करण्याचे हे कौशल्य आहे.

हे कौशल्य एका नाट्यसंस्थेकडे असावे, यात योगायोग नाही. ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग मूळ संस्थेने थांबविल्यानंतर त्या नाटकाच्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन केली. नाकारल्या गेलेल्या प्रयोगातून जन्मलेली संस्था पुढे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये उभी राहिली. मध्यस्थ स्वतः रंगभूमीवरचा असणे आणि मध्यस्थ केवळ हिशेबतपासनीस असणे, यांत पडणारा फरक शेवटी वाङ्मयीन असतो.

नकाराचा हा मुद्दा मराठीला नवा नाही. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशवाईपासून चालत आलेल्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा अशी मागणी केली आणि त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटीची वाट मोकळी झाली. निधी सरकारी होता, पण अर्जदार, परीक्षक आणि बक्षीस ही रचना आजच्या अनुदानव्यवहाराचीच पूर्वज म्हणावी लागेल. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे दिले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, अशी नोंद त्यांनीच ‘गुलामगिरी’त (१८७३) केली आहे. हे नाटक छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. मराठी नाटकाचा इतिहास या मधल्या शंभराहून अधिक वर्षांत त्या संहितेवाचून लिहिला गेला, शिकविला गेला आणि त्याच्या आधारे अभिरुचीचे निकषही ठरले. निधीने काय पोसले याच्या याद्या अहवालांत मिळतात. निधीने काय अडविले हे फुल्यांसारखा लेखक लिहून ठेवतो तेव्हाच कळते.

आजची परिस्थिती या दोन्ही अंगांनी अधिक कठीण झाली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आहे. मान्य कार्यांच्या अनुसूचीत संस्कृती आहे, पण तिच्यासोबत येणारी क्रियापदे पाहावीत : राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे रक्षण; ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार; पारंपरिक कलांचे संवर्धन. अनुसूचीचा अर्थ उदारपणे लावता येतो हे खरे. परंतु रक्षण आणि संवर्धन ही क्रियापदे आधीपासून असलेल्या वस्तूंनाच लागतात. न लिहिलेल्या नाटकाचे रक्षण कसे करणार? दुसरीकडे, २०२० मध्ये विदेशी अंशदानविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन असा निधी एका संस्थेने दुसऱ्याकडे वळविण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. विदेशी निधी घेऊन इतर रंगकर्मींपर्यंत पोचविणाऱ्या मध्यस्थाची जागाच त्यामुळे कायद्याने आक्रसली. १९९३ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या आणि १९९५ पासून अनुदान देणाऱ्या ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’सारख्या देशी प्रतिष्ठानाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर वाढते. पण अशी प्रतिष्ठाने एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

दात्याच्या हेतूंची झडती घेणे हे पत्रकारितेचे काम आहे आणि ते चालू राहावे. समीक्षेचे काम निराळे आहे. अर्ज, परीक्षकांचे अभिप्राय आणि नकारपत्रे यांना वाङ्मयेतिहासाची साधने मानून त्यांची मागणी करणे हे तिचे पहिले कर्तव्य ठरते. प्रतिष्ठानांनी ठराविक वर्षांनंतर, अर्जदारांच्या संमतीने, नाकारलेले प्रस्ताव अभ्यासकांना खुले करावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पूर्ण होईपर्यंत ‘समकालीन मराठी नाटक’ या नावाने जे शिकविले जाते, ते वस्तुतः मंजूर झालेले मराठी नाटक आहे काय, हा संशय अभ्यासकाने बाळगणेच योग्य होय.