मागील पानावरून पुढे

बेळगावची शिवजयंती ज्याने एकदा पाहिली, त्याला सीक्वेल म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. वैशाखात, तिथीप्रमाणे जयंती झाली की चित्ररथांची मिरवणूक निघते आणि रात्र उलटून जाईपर्यंत चालते. ट्रॉलीवर प्रतापगडाचा शामियाना उभा असतो, कर्ण्यातून ध्वनिमुद्रित संवाद घुमत असतात आणि गल्लीतलाच एखादा धिप्पाड गडी अफझलखान झालेला असतो. आता आलिंगन होणार, मग वाघनखं निघणार, हे रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एकट्या खानाला. तरी माणसं पोराला खांद्यावर घेऊन रात्री दोन वाजता ताटकळत उभी राहतात. ‘औंदा कसं केलंय बघूया की,’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

अ‍ॅनिमेशनमधल्या सुपरहिरोंचे दुसरे भाग पाहताना मला हा खान वारंवार आठवतो. चाहता तिकीट काढतो तो गोष्ट ठाऊक असल्यामुळेच. आपल्याला जे माहीत आहे ते पडद्यावरच्या माणसाला कधी कळतंय, याची तो वाट पाहत असतो. हे ज्या दिग्दर्शकाला उमगलं त्याचा दुसरा भाग उभा राहतो. बाकीचे आवाज वाढवतात, इमारती पाडतात, खलनायक दुप्पट करतात आणि पोरं मध्यंतरातच मोबाइल काढून बसतात.

याचा स्वच्छ दाखला म्हणजे ब्रॅड बर्डचा ‘इन्क्रेडिबल्स २’. पहिला भाग २००४ चा, दुसरा २०१८ चा. मध्ये १४ वर्षं गेली, पण गोष्टीत एक क्षणही सरलेला नाही. पहिला जिथे थांबला होता, जमीन फोडून वर आलेल्या त्याच खलनायकापासून दुसरा सुरू होतो. पहिल्या भागाच्या शेवटी तान्ह्या जॅक-जॅकच्या अंगात काय काय शक्ती आहेत हे प्रेक्षकांनी पाहिलं होतं, त्याच्या आईबापांनी नाही. ही बाकी १४ वर्षं थकली होती. ते पोर रात्री अंगणात एका रॅकूनशी झुंजतं आणि बापाचे डोळे पांढरे होतात, तेव्हा ती व्याजासकट वसूल होते. चित्रपटातला सगळ्यात जिवंत प्रसंग तोच. उरलेली गोष्ट म्हणजे पहिल्याच भागाची उलटी घडी आहे. तेव्हा बाप बाहेर आणि आई घरात, आता आई बाहेर आणि बाप घरात. पडद्यांवरून संमोहन करणारा खलनायक कोण, हे तर माझ्याही अर्ध्या वाटेतच लक्षात आलं होतं, आणि मी काही फार हुशार प्रेक्षक नाही.

बाकी, वसुली, व्याज हे शब्द माझे नाहीत. माझी बहीण निपाणीत दिलेली. तिचे सासरे तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. कीर्द-खतावणीत त्यांची हयात गेली. वहीचं पान भरलं की तळाची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर उतरवायची आणि शेजारी लिहायचं, ‘मागील पानावरून पुढे’. मराठीत आपण हे शब्द टिंगलीने वापरतो, तेच ते दळण या अर्थी. दिवाणजींच्या लेखी मात्र तो इमानाचा मामला होता. माथ्यावरची रक्कम चुकली तर पुढचं अख्खं पान खोटं. दुसऱ्या भागाचं परीक्षण करायला याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

तिच्यावर आपल्याकडचे नमुने घासले तर पदरी फारसं पडत नाही. २००५ च्या ‘हनुमान’ने भारतीय अ‍ॅनिमेशनपट थिएटरात चालू शकतो हे दाखवून दिलं. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके हे त्याचे दिग्दर्शक. दोनच वर्षांत ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप, काम तिरुवनंतपुरमच्या टून्झकडे. यात हनुमान मारुती नावाच्या मुलाच्या रूपाने आजच्या जगात येतो. मुलं हसली, मीही हसलो. पण हे कोऱ्या वहीचं पहिलं पान होतं. आधीच्या भागातली बेरीज कुणी उतरवलीच नव्हती, उतरलं होतं फक्त नाव. पुराणपुरुषाच्या बाबतीत हे खपून जातं, कारण हनुमानाची बाकी रामायणातच जमा आहे, ती कुठल्याही निर्मात्याला बुडवता येत नाही. २०२५ च्या ‘महावतार नरसिंह’ची भिस्तही त्यावरच होती. बेंगळुरूच्या होंबाळेने सादर केलेला हा चित्रपट तुफान चालला आणि पुढे परशुरामापासून कल्कीपर्यंत मालिकाच जाहीर झाली आहे. प्रत्येक भागात नवा अवतार म्हणजे नवा नायक. तेव्हा त्यांना सीक्वेल म्हणायचं की दशावतारी खेळाचा पुढचा प्रवेश, हे ते आल्यावर पाहू.

मराठीचं स्वतःचं खातं याहून लहान. ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मधून घरोघर गेला, २०१२ मध्ये जित्याजागत्या मुलांना घेऊन पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भागही निघाला. चिंटू काही सुपरहिरो नव्हे, पण एक फरक त्याच्यामुळे कळतो. रोजच्या चित्रपट्टीत पोरगा वाढत नाही, वाढू नयेच. काल फुटलेली काच आज शाबूत असते. दुसऱ्या भागाला ही सवलत नाही. तिथे काल फुटलेली काच आज पायात रुतायला हवी.

ती जिथे खरोखर रुतते असा चित्रपट म्हणजे ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. १ जून २०२३ ला तो भारतात लागला, एकदम दहा भाषांत. त्यांत मराठी होती आणि कन्नडही. एकच ऐवज, एकाच दिवशी, दोन्ही भाषांत, आणि ना मोर्चा ना बंद! सीमाभागात १९५६ पासून न घडलेली गोष्ट एका कोळ्याने करून दाखवली, असं मी तेव्हा गमतीने म्हणालो होतो. गंमत फार टिकली नाही. भाच्याला घेऊन निपाणीहून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला गेलो, तर आमच्या वाट्याला हिंदीच आली.

मागच्या भागात माइल्सने, म्हणजे या अनेक विश्वांच्या गोष्टीतल्या शिकाऊ स्पायडर-मॅनने, एका शास्त्रज्ञाच्या डोक्यात बेगल हाणला होता. क्षणभराचा विनोद, कुणी लक्षातही ठेवला नसेल. दुसऱ्या भागाचा खलनायक, अंगभर भोकं पडलेला स्पॉट, हा तोच माणूस. चोरीसुद्धा धड जमत नाही म्हणून आपण त्याला हसतो आणि तो हळूहळू अक्राळविक्राळ होत जातो. किरकोळ नोंद म्हणून सोडून दिलेली रक्कम पुढच्या पानावर डोंगराएवढी होऊन उभी राहते, ती अशी. आमचे दिवाणजी खूश झाले असते.

चित्रांतही हाच हिशोब आहे. २०१८ च्या पहिल्या भागात बर्फाच्या रानात पीटर आणि माइल्स झोके घेतात तेव्हा मुरलेला पीटर सेकंदाला २४ चित्रांनी हलतो आणि शिकाऊ माइल्स १२ चित्रांनी. त्याची हालचाल किंचित अडखळते. हे डोळ्यांना कळत नाही, पोटाला कळतं. दुसऱ्या भागात युक्ती पुढे जाते. हॉबी नावाच्या पंक स्पायडर-मॅनचं अंग, त्याचं जाकीट आणि त्याची गिटार वेगवेगळ्या गतीने चालतात, जणू भिंतीवरची तीन पोस्टरं एकमेकांवर चिकटवली आहेत. माइल्सची मैत्रीण ग्वेन, तिच्या जगातले जलरंग तिच्या मनाप्रमाणे ओघळतात. बाप-लेकीच्या भेटीत मागची भिंत रंग बदलत जाते, पण रडू येतं ते त्या दोघांसाठी, भिंत नंतर लक्षात येते. कसब असं पाठीमागे उभं राहिलं पाहिजे.

आणि मुंबत्तन! मुंबई आणि मॅनहॅटन यांची खिचडी. तिथला स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर, २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी कॉमिकसाठी घडवला होता. चित्रपटातल्या त्याच्या नगरीचं रूप जुन्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलंय. तेच इंद्रजाल, ज्यातून मराठीत वेताळ आला. निपाणीच्या त्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत त्याचे अंक अजून आहेत, पानं तपकिरी पडलेली, छपाईत तांबडा रंग रेषेबाहेर सरकलेला. हॉलिवूडमध्ये लोकांनी संगणकावर खपून तोच सरकलेला रंग पुन्हा आणला. वखारीतल्या दिवाणजींनी तो आठ आण्यांत घेतला होता, एवढाच फरक.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटली ती शाळेतली एक किरकोळ गोष्ट. माइल्सची आई पोर्टो रिकोची, घरात स्पॅनिश, आणि पोराला स्पॅनिशमध्येच ‘बी’ श्रेणी. आई भडकते. हा प्रसंग पुण्यात नुसता विनोद म्हणून जाईल. आमच्याकडे घरोघर घडलेला आहे. घरी मराठी, शाळेत कन्नड सक्तीची, वर इंग्रजी माध्यम. मग आईच्या भाषेतला निबंध लिहिताना पोराची लेखणी अडते आणि आईला वाटतं, आपणच नापास झालो. भाचा त्या प्रसंगाला हसला नाही. माझ्याकडे न बघता पॉपकॉर्न खात राहिला.

याच्या पुढे चित्रपट जे करतो ते धाडसाचं आहे. स्पायडर-मॅनच्या प्रत्येक चाहत्याला ठाऊक असतं की जवळचा माणूस गमावल्याखेरीज हा नायक घडत नाही. सगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल ओहारा म्हणतो, तसा नियमच आहे. अमुक घटना घडल्याच पाहिजेत, पोलीस कॅप्टन मेलाच पाहिजे, नाहीतर विश्व फाटेल. माइल्स मुंबत्तनमध्ये इन्स्पेक्टर सिंगना वाचवतो आणि ते जग उसवायला लागतं. आता माइल्सचा बाप कॅप्टन होणार आहे. चाहत्याला सगळं आधीच माहीत असतं, त्या माहितीलाच इथे खलनायक केलं आहे. मिगेल म्हणजे मिरवणुकीतला तो कट्टर प्रेक्षक, जो वाघनखं उजव्या हातात दिसली की डाव्या म्हणून ओरडतो. त्याचं चुकतं असंही नाही. गोष्ट सांभाळायला अशी माणसं लागतातच.

पण तो नियम खरा की खोटा, हे चित्रपट सांगत नाही. १४० मिनिटांनी तो माइल्सला भलत्याच जगात, स्वतःच्याच दुसऱ्या रूपासमोर बांधून ठेवतो आणि ‘पुढील भागात’ म्हणतो. दिवे लागले तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, हे संपलंच नाही की!’ माझीही तीच तक्रार आहे. बाकी पुढे ओढायची तर आधी या पानाची बेरीज मारायला हवी. ग्वेनची बेरीज मारली आहे, माइल्सची सोडून दिली. तिसरा भाग मार्च २०२४ ला येणार होता, तो आता जून २०२७ वर गेला आहे. पहिल्या भागाच्या वेळी आठ वर्षांचं असलेलं पोर तोवर सतराचं होईल. त्याच्या ओठावर मिसरूड फुटलेली असेल आणि पडद्यावरचा माइल्स अजून त्याच संध्याकाळी बांधलेला असेल.

‘अक्रॉस’ पाहिला त्या वर्षी दिवाळीला बहीण लेकराला आणि दिवाणजींना घेऊन बेळगावला आली. आमच्या गल्लीत दारोदारी किल्ले होतात. भाच्याने अंगणात सिंहगड केला. दगड, पोत्याची तरटं, तांबडी माती, उतारावर पेरलेले अळीव, बाजारातून आणलेले मातीचे मावळे. कड्यावर तानाजी चढवायचा होता, पण मातीची घोरपड काही जमेना, शेपटी तुटत होती. त्याने खिशातला प्लास्टिकचा स्पायडर-मॅन काढला आणि दोरीचं टोक त्याच्या कमरेला बांधून कड्याला चिकटवला.

दिवाणजी आरामखुर्चीतून पाहत होते. ‘तिथं घोरपडच लागती रे,’ ते म्हणाले. ‘पडली तर गड जातोय आजोबा,’ पोरगं म्हणालं, ‘हा पडत नाही.’ म्हातारबुवा काही बोलले नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी तो लाल-निळा बाहुला काढून दरवाजाशी पहाऱ्याला ठेवला आणि काडी टोचून घोरपडीची शेपटी जोडली. सकाळी मी पणत्या उचलायला गेलो, तर कड्यावर दोघंही होते. घोरपड वर, आणि तिची शेपटी हातांनी धरून खाली स्पायडर-मॅन.